“फॉरमॅट सांगितला, ४,१०० चं बिल दिलं”: दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू नीट वाचला. तुमच्या तक्रारी अशा: फॉरमॅट मारायला सांगितला होता तर आम्ही ४,१०० रुपयांचं बिल केलं, अर्ध्या तासाच्या कामाला तीन दिवस लावले, २४० जीबी सांगून २२३ जीबीची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, वेगवान डिस्क) बसवली, विंडोज ११ टाकून दिलं नाही, आणि एवढं करून आठ दिवसांत बँकेची साइट उघडेनाशी झाली, फोटो बघताना मशीन अजून अडकतं. यातली बँकेच्या साइटची तक्रार सरळ आमच्या चुकीमुळे आहे, म्हणून आधी तीच घेतो.

रिव्ह्यूला तुम्ही स्क्रीनचा फोटो जोडला आहे. त्यात खाली उजव्या कोपऱ्यात तारीख दिसते: १ जानेवारी २०१३. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल (सीआर२०३२, ३ व्होल्टचा) संपला की घड्याळ असं मागे जातं. साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ठरावीक तारखांपुरतंच वैध असतं. तुमच्या मशीनच्या मते साल २०१३ आहे, त्यामुळे ब्राउझरला ते प्रमाणपत्र भविष्यातलं वाटतं आणि तो साइट उघडायला नकार देतो. इंटरनेट चालू आहे, बँकेचीही काही चूक नाही. कॅबिनेट उघडलंच होतं, तेव्हा सेलला मल्टिमीटर लावायला अर्धा मिनिट पुरला असता. आम्ही लावला नाही. सेल आमच्याकडून फुकट बदलून मिळेल.

तोवर घरी एवढं करा: घड्याळावर राइट क्लिक करून ‘अ‍ॅडजस्ट डेट/टाइम’ उघडा, तारीख आधी हाताने बरोबर करा आणि मग ‘सिंक नाउ’ दाबा. दिवसभर भिंतीवरचं बटण चालू राहिलं तर तारीख टिकेल, कारण तेव्हा घड्याळाला वीज एसएमपीएसकडून (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून) मिळते, सेल नुसता बसून असतो. रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं की सगळा भार सेलवर. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात बटण बंद करतातच, त्यामुळे जुन्या डेस्कटॉपचा सेल असा संपलेला सापडणं नवीन नाही.

आता फॉरमॅट. तुमचं मशीन इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅमची एक पट्टी आणि ७२०० आरपीएमची ५०० जीबी हार्ड डिस्क. आलं तेव्हा बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत ४ मिनिटं ५० सेकंद लागत होती. त्यानंतरही टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि वेग मात्र सेकंदाला एक-दीड एमबी. हे दोन आकडे एकत्र दिसले की दोष विंडोजच्या कचऱ्यात शोधू नये. ७२०० आरपीएमच्या डिस्कची तबकडी एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत मारते. हवा तो भाग हेडखाली (तबकडीवरून वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय हेड तिथवर सरकायला ८-९ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेली फाइल वाचताना सेकंदाला ७५-८० तुकडेच हाती लागतात. विंडोज १० सुरू होताना असे हजारो तुकडे मागतं. साध्यातल्या साध्या सॅटा (डिस्क जोडायच्या नेहमीच्या केबलवर चालणाऱ्या) एसएसडीला हेड सरकवायचंच नसतं, ती सेकंदाला हजारो तुकडे सहज देते.

फॉरमॅटनंतर मशीन काही आठवडे पळतं, ते खरं आहे. फाइली सलग लिहिल्या जातात, सुरुवातीला उठणारे प्रोग्रॅम नसतात. मग अपडेट येतात, अँटिव्हायरस येतो, प्रिंटरचं सॉफ्टवेअर येतं, आणि तीच डिस्क पुन्हा तिथेच. त्यात तुमच्या सी ड्राइव्हच्या डेस्कटॉपवर ११ जीबीचे फोटो होते, आणि मराठी टायपिंगचं एक जुनं पॅकेज होतं ज्याची सीडी आता तुमच्याकडे नाही. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग असतो, फॉरमॅटमध्ये तो आधी जातो. फॉरमॅटचे ५०० रुपये घेऊन मोकळं होणं आम्हाला सोपं होतं.

तीन दिवस का लागले? डिस्कच्या ‘स्मार्ट’ नोंदीत (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती) ‘रिअलोकेटेड सेक्टर’ ४० आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ २४ होते. पहिला आकडा म्हणजे खराब होऊन राखीव जागेत हलवलेले भाग. दुसरा म्हणजे डिस्कला सध्या वाचताच येत नाहीत असे भाग, आणि तोच जास्त वाईट, कारण वाचता न येणाऱ्या भागावर डिस्क पुन्हा पुन्हा डोकं आपटत बसते आणि तोवर सगळं मशीन गप्प. धडधाकट ५०० जीबी डिस्कची प्रत सेकंदाला १०० एमबीने दीड तासाच्या आत निघते. तुमच्या डिस्कची आम्ही डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचवणाऱ्या प्रोग्रॅमने काढली: आधी चांगला भाग, मग खराब जागी परत परत प्रयत्न. तिथे एकेका जागेला काही सेकंद लागतात, आणि घाई करून दाबून वाचायला गेलं तर डिस्क कायमची जाऊ शकते. त्या प्रतीतून सी ड्राइव्ह एसएसडीवर उतरवला आणि एसएफसी (विंडोजचीच तपासणीची आज्ञा) चालवून विंडोजच्या फाइली तपासल्या. जे वाचता आलं नाही ते डी ड्राइव्हवरच्या एका लग्नाच्या व्हिडिओत निघालं, बाकी सगळं आलं. वेळ लागणार होता हे बरोबर, पण ‘उद्या मिळेल’ असं आमच्याकडून सांगितलं गेलं, ते चुकलं.

फोटो बघताना मशीन अडकतं ते याच डिस्कमुळे. तुमच्या सांगण्यावरून ती आम्ही डी आणि ई ड्राइव्ह म्हणून आत ठेवली. ‘डिस्क खराब म्हणाले पण अजून चालते आहे’ असं तुम्ही लिहिलं आहे. चालते आहे, कारण विंडोज आता तिच्यावर नाही. खात्री करायची असेल तर मशीन बंद करा, भिंतीतलं बटण बंद करा, कॅबिनेटची डावी बाजू उघडून जुन्या डिस्कच्या दोन्ही केबल (पातळ सॅटाची आणि रुंद पॉवरची) काढा आणि एक दिवस वापरा. अडकणं थांबलं तर गुन्हेगार सापडला. सॅटाची केबल कुलूपवाली असेल तर पत्र्याची जीभ दाबूनच ओढा, नाहीतर बोर्डावरचं प्लास्टिक तुटतं. डिस्कची पूर्ण प्रत आमच्याकडे बिलाच्या तारखेपासून एक महिना आहे. तेवढ्यात एक बाहेरची डिस्क आणा, भरून देतो. त्याचे पैसे नाहीत.

२४० आणि २२३: कंपनी २४० अब्ज बाइट मोजते, विंडोज त्याला तीनदा १०२४ ने भागतं, उत्तर २२३.५. तुमची ५०० ची डिस्क इतकी वर्षं ४६५ दाखवत होती, तेव्हाही मधले ३५ कोणी लंपास केले नव्हते.

बिलातले २,२०० एसएसडीचे, ७५० रॅमचे, ९०० डिस्कची प्रत काढून बसवण्याचे, २५० साफसफाई आणि थर्मल पेस्टचे (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप). रॅम कशाला, असंही तुम्ही विचारलं आहे. ४ जीबीतून ऑनबोर्ड ग्राफिक्स आपला वाटा काढतं, उरलेल्यात विंडोज आणि क्रोमचे पाच-सहा टॅब. रॅम भरली की विंडोज उरलेलं डिस्कवर टाकतं आणि परत वाचतं, म्हणजे रॅमची चणचण डिस्कच्या संथपणासारखी दिसते. बोर्डाला दोन स्लॉट, एक रिकामा होता. दुसरी ४ जीबी डीडीआर३ पट्टी लावल्याने ड्युअल चॅनलही (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरणं) सुरू झालं, त्याचा फायदा ऑनबोर्ड ग्राफिक्सला होतो.

पेस्टचं सांगायचं तर पंख्याखालच्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये गादीतल्या कापसासारखी धूळ बसली होती आणि प्रोसेसरवरची पेस्ट वाळून चुन्याचे पापुद्रे झाले होते. भार दिला की तापमान ९४ अंशांवर जात होतं. १०० च्या आसपास प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, मे महिन्यात ते झालंच असतं. आता तोच भार दिला तर ६२.

तुमच्या भाच्याने टाकलेला ‘क्लीनर’ कृपया काढा. टेम्प फाइली विंडोजच्या ‘स्टोरेज सेन्स’ने जातात. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची वही) साफ करून वेग वाढत नाही आणि प्रीफेच (प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून ठेवलेल्या नोंदींचं) फोल्डर रिकामं केलं तर पुढचे काही बूट उलट मंद होतात. एसएसडीवर डीफ्रॅगचं वेगळं सॉफ्टवेअरही नको. विंडोज तिला स्वतः ट्रिम करतं, म्हणजे रिकाम्या झालेल्या जागेची आवराआवर. त्यापेक्षा कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, ‘स्टार्टअप’मध्ये जा आणि प्रिंटरचा मदतनीस, व्हिडिओ कॉलची दोन अ‍ॅप, मुदत संपलेला अँटिव्हायरस असलं सगळं ‘डिसेबल’ करा. मुदत संपलेला अँटिव्हायरस तर कंट्रोल पॅनेलमधून पूर्ण काढा, विंडोजचा डिफेंडर आपोआप जागा होतो. सी ड्राइव्हवर ३०-४० जीबी मोकळी राहू द्या.

विंडोज ११ न टाकणं हा आळस नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचे आहेत, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. तुमचं चौथ्या पिढीचं. अट चुकवून टाकता येतं, दुसरं कुठलं दुकान तेच सांगेल, पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि तुम्ही यावर बँकेचं काम करता. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात: सेटिंग्ज, ‘अपडेट अँड सिक्युरिटी’, तिथे ‘एनरोल नाउ’. आवृत्ती २२एच२ हवी (तुमची आहे), मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, आणि सेटिंग्जचा बॅकअप सिंक केला तर पैसे पडत नाहीत. त्या तारखेनंतर या मशीनवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी टाकायची फुकट प्रणाली) चांगलं चालेल, पण टायपिंगचं पॅकेज त्यावर चालेल असं धरू नका.

‘यूट्यूबवर दहा सेकंदांत सुरू होतं’ तसं हे होणार नाही. या बोर्डाची स्वतःची तपासणीच दहा-बारा सेकंद घेते. देताना आमच्या नोंदीत ३१ सेकंद आहेत. त्याहून फार जास्त लागत असतील तर एसएसडीची केबल बघावी लागेल: या बोर्डावर सॅटाची दोन पोर्ट वेगवान आणि दोन निम्म्या वेगाची आहेत, साफसफाईत कोणी केबल काढून दुसरीकडे लावली तर फरक पडतो.

येताना फक्त सीपीयू आणा, मॉनिटर-कीबोर्ड नको. सकाळी ११ नंतर कधीही. सेल बदलून, तारीख लावून, भिंतीतलं बटण अर्धा तास बंद ठेवून तारीख टिकते का ते तुमच्यासमोर बघू आणि मगच देऊ.