उद्यमबागच्या ऑफिसातल्या फोन वायरिंगबद्दल

नमस्कार साहेब,

तुम्ही लिहिलंय की १४ फोनांना साधी दोन जोड्यांची टेलिफोन वायर पुरली असती, आम्ही कॅट-६ (कॉम्प्युटर नेटवर्कची चार जोड्यांची केबल) गळ्यात मारली, आणि एवढं करून अकाउंट्सचे दोन फोन आठ दिवस घुंघुं करत होते.

ती घुंघुं आमच्याच चुकीने होती. आमच्या पोराने निळी तार घेतली, पण तिच्या जोडीची पांढरी-निळी सोडून पांढरी-नारिंगी घेतली. दोन्ही टोकांना चूक सारखीच, म्हणून टेस्टरचे दिवे बरोबर लागले आणि आम्ही काम पास केलं. जोडीतल्या दोन तारा एकमेकींना पिळलेल्या असतात त्या उगीच नव्हे. शेजारच्या लाईटच्या वायरीचा त्रास दोघींवर सारखाच येतो आणि मिटून जातो. जोडी फुटली की तोच कानात ऐकू येतो. आम्ही मात्र बिघाड एक्स्चेंजमध्ये, म्हणजे ऑफिसचे फोन जोडणाऱ्या पेटीत, शोधत बसलो, त्यात तुमचे आठ दिवस गेले. मनापासून माफी मागतो. आता प्रत्येक पॉइंटवर फोन लावून कानाने ऐकल्याशिवाय मी सही करत नाही.

कॅट-६चा निर्णय मात्र आजही तोच घेईन. आज तुमचं एक्स्चेंज साधं आहे, फोनला एकच जोडी लागते. पण दोन वर्षांत आयपी फोन (कॉम्प्युटर नेटवर्कवर चालणारे) घ्यायचेत हे तुम्हीच सांगितलं होतं. त्यांची वीजही त्याच केबलमधून जाते. तेव्हा रंगवलेली भिंत परत फोडायची का? आणि तुम्ही दाखवलेल्या स्वस्त कोटेशनमध्ये तार तांब्याची असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास मिळते. खोकं हाताला हलकं लागतं, तार ब्लेडने खरवडली की आत पांढरी निघते. ती पंचिंगला, म्हणजे सॉकेटच्या खाचेत दाबून बसवताना, तुटते, आणि वीज वाहताना जास्त तापते.

गेटवरच्या वॉचमनच्या केबिनला आम्ही कॅट-६ घातलेलीच नाही, बिल बघा. अंतर १४० मीटर, आयपी फोनसाठी कॅट-६ची मर्यादा १०० मीटर. शिवाय केबल जमिनीतून जाते, आणि बेळगावचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू! तिथे पाणी शिरू नये म्हणून जेली भरलेली, आर्मर्ड म्हणजे धातूच्या कवचाची टेलिफोन केबल टाकली, वळवाच्या विजांसाठी दोन्ही टोकांना अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत सोडणारी उपकरणं, बसवले.

कुठे कोणती केबल आणि का, हे कोटेशनमध्येच लिहून द्यायला हवं होतं, ही तुमची तक्रार रास्त आहे. पॉइंटच्या नंबरांसह नकाशा तयार केलाय. शनिवारी घेऊन येतो, अकाउंट्सचे ते दोन फोनही तेव्हा तुमच्यासमोर लावून बघू.