गच्चीवरच्या बियरचा खुलासा
सोलापुरात व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतोय: पिण्याचं परमिट असलं की घरी पाच लिटर बियर करता येते, आणि आपल्या उन्हात गच्चीवर बरणी ठेवली की दोन दिवसांत तयार. दोन्ही चूक. परमिट विकत घेण्या-बाळगण्या-पिण्यापुरतं; विनापरवाना दारू तयार करणं महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार गुन्हा, स्वतःपुरती असली तरी.

आता ऊन. पापड-कुरडयांना उत्तमच! पण एल या प्रकारच्या बियरच्या यीस्टला (बियर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांना) साधारण १८ ते २२ अंश मानवतात. मे महिन्यात इथं पारा चाळिशीपार. तेवढ्या उष्म्यात यीस्ट आधी पिसाळतं, थिनरसारखा उग्र वास येतो, मग ते मरायला लागतं. त्यात झाकण घट्ट असेल तर कार्बन डायऑक्साइड कोंडून काचेची बरणी फुटू शकते.