तत्सम यंत्रे

परवा सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली. ‘बी विंगमधील सदस्यांनी रात्री १० नंतर घरघंटी, मिक्सर व तत्सम यंत्रे चालवू नयेत.’ खाली सेक्रेटरींची सही, शिक्का. नाव कुणाचंच नाही. पण लिफ्टपाशी बोलत उभ्या असलेल्या दोन काकू मला बघून ज्या झटक्यात गप्प झाल्या, त्यावरून ‘तत्सम’ म्हणजे कोण ते समजलं.

आमच्याकडे घरघंटी नाही. आहे तो ४८ पोर्टांचा नेटवर्क स्विच, म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर वायरींनी एकमेकांना जोडणारा डबा. कुठल्याशा ऑफिसाने मोडीत काढलेला. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर साडेतीन हजारांना घेतला (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलंत तर फिरत बसाल) आणि सहा किलोचं ते धूड मांडीवर घेऊन डेक्कन क्वीनने पुण्याला आणलं. कशाला आणलं, हे विचारू नका. बायकोचं विचारून झालंय.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा गृहस्थ अजून जुन्याच नोकरीत होता. लॉगिन करायला गेलो तर स्वागताला धमकी : अनधिकृत व्यक्तींनी प्रवेश केल्यास कायदेशीर कारवाई होईल. माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच टीपॉयवर बसून, मलाच! समोरचं बटण दाबून धरून पासवर्ड घालवला, आत शिरलो. प्रत्येक पोर्टला नाव दिलेलं. रिसेप्शन प्रिंटर. एमडी केबिन. कँटीन टीव्ही. २३ नंबरला नुसतंच ‘हलवू नये’. पाच मिनिटं मी ते वाचत बसलो. एखाद्या बंद पडलेल्या वाड्यातल्या खुंट्यांवर कुणाकुणाच्या टोप्या राहिल्यात, तसं वाटलं. मग सगळं पुसलं. आता वीज गेली की तारीख विसरून स्वारी दरवेळी उठते ती १ मार्च १९९३ला. पुढचं सगळं सांगावं लागतं.

खरी मेख अपडेटमध्ये. यंत्र जुनं म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर जुनं, आणि त्यातल्या फटी जगाला ठाऊक झालेल्या. बुजवणारी फाइल कंपनीच्या साइटवर आहे. दिसते. नाव दिसतं, आकार दिसतो. बटण दाबलं की विचारणा : सपोर्ट कॉन्ट्रॅक्ट आहे का? मी ईमेल केली. उत्तर आलं, हा सीरियल नंबर तुमच्या नावावर नाही. अरे, जुनी स्कूटर घेतली तर आरटीओत जाऊन नाव लावून घेता येतं. जुना फ्लॅट घेतला तर सात-बारा नाही तरी इंडेक्स टू मिळतो. इथे पैसे मोजून घेतलेल्या डब्याचे आपण मालक नाही, फक्त तो आपल्याकडे राहतो. चूक त्यांच्या सॉफ्टवेअरमधली, आणि ती दुरुस्त करून घ्यायला पात्रता मात्र माझी तपासणार. मला अजून राग आहे याचा. फाइल शेवटी कुठून मिळाली ते इथे लिहीत नाही.

त्या रात्री नऊला बसलो. स्विचच्या मेमरीत जागा कमी, म्हणून आधी जुनं सॉफ्टवेअर उडवलं आणि मग नवीन चढवायला घेतलं. जाणत्यांनी इथेच कपाळाला हात लावला असेल. मध्येच पाय वायरीत अडकून प्लग निघाला. परत चालू केलं तेव्हा स्विचला आपण स्विच आहोत हेच आठवेना. राहिला एकच मार्ग : निळी चपटी कन्सोल केबल (स्विचशी थेट बोलायची वायर) लॅपटॉपला लावायची आणि एक्समोडेम नावाच्या १९७७ सालच्या पद्धतीने फाइल भरवायची. १२८ बाइटचा एक घास, तो गिळल्याची पोच, मग पुढचा घास. वेग सेकंदाला ९६०० बिट. फाइल ११ एमबी. हिशेब केला, साडेतीन तास. शिवाय पंख्यांना ‘हळू’ म्हणून सांगणारं सॉफ्टवेअरच चढलेलं नव्हतं, त्यामुळे सगळे पंखे जीव खाऊन फिरत होते.

अकराला बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका. अंगात बनियन, खांद्यावर पंचा.

“दळण चाललंय?”

“नाही काका, नेटवर्क स्विच आहे.”

“मग ऑफ करा. स्विच आहे ना?”

“आत्ता बंद केला तर पहिल्यापासून करावं लागेल. अडीच-पावणेतीन वाजेपर्यंत चालेल.”

काका आत आले. चपला बाहेर काढून, म्हणजे मुक्काम मोठा. टीपॉयपाशी वाकले आणि बोटाने मोजायला लागले. “किती भोकं ही?”

“अठ्ठेचाळीस.”

“घरात माणसं किती?”

“तीन.”

“म्हणजे माणशी सोळा.” त्यांनी माझ्याकडे वर्गणी न भरलेल्या सभासदाकडे बघावं तसं पाहिलं. “बाहेर कुणाला कनेक्शनं देता का? नाही, सोसायटीत धंदा करायचा तर ठराव लागतो.”

बायकोने चहा टाकला. तिचा हेतू ते जावेत असा होता, पण चहाने पुण्यात कोणी गेल्याचं ऐकिवात नाही. काका सोफ्यावर बसले, चष्मा लावून स्क्रीनकडे बघायला लागले.

“सुरुवातीला हे सी सी सी काय आलंय?”

“स्विच म्हणत होता, पाठव, मी तयार आहे.”

“भूक लागल्यावर आमचा नातू असंच करतो.” मग एकदम, “वेग काय म्हणालात?”

“९६०० बॉड.”

आणि काका बदलले. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेली! बॉड हा शब्द बोदो नावाच्या फ्रेंच तारवाल्यावरून आला, त्यांच्या वेळी टेलेक्स ५० बॉडवर चालायचा, पावसात केबलमध्ये पाणी शिरलं की काय काय व्हायचं, चेंबरमध्ये उतरताना कोण घसरलं होतं, सगळं झालं. साडेबारा वाजले. पट्टी ४१ टक्क्यांवर.

“वेग वाढवता येत नाही का हो याचा?”

“नाही काका,” मी जरा हसूनच म्हटलं. “या अवस्थेत फिक्स असतो. टेक्निकल आहे.”

“दोन्ही बाजूंनी सारखा ठेवला की झालं. आम्ही बदलायचो.”

“तुमच्या वेळची गोष्ट वेगळी होती.”

काका पंचा झटकून उठले आणि गेले. पावणेतीनला फाइल चढली, पंखे मंदावले, आणि त्या शांततेत खालून काकांचा खोकला स्पष्ट ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सहज मॅन्युअल चाळलं. एका ओळीची आज्ञा आहे. वेग ११५२०० होतो, बारापट. लॅपटॉपवरही तोच आकडा ठेवायचा. वीसेक मिनिटांचं काम होतं.

वॉचमन सांगतो, सूचनेचा मसुदा काकांनीच करून दिला. तरीच. आमच्या सेक्रेटरींना ‘तत्सम’ सुचणं शक्य नाही.

काल जिन्यात गाठ पडली.

“काय, मग बघितलंत का? वाढत होता वेग?”

“नाही हो काका. फिक्सच असतो.”

“हं,” काका म्हणाले, आणि दुधाची पिशवी घेऊन खाली उतरले.