नॉर्वेतले ‘आपेल्सीन’ नारंगातून आलेले नाही

‘संत्र्यासाठी युरोपातल्या सगळ्या भाषांत असलेले शब्द संस्कृत नारंगापासून निघाले, अगदी नॉर्वेतही ओरान्शे म्हणतात’, असा मजकूर मराठीत वारंवार पुढे पाठवला जातो. त्यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच तो नीट तपासायला हवा.

नॉर्वेजियन भाषेत ‘ओरान्शे’ हे रंगाचे नाव आहे, फळाचे नव्हे. ईस्टरच्या सुटीत स्की करायला निघालेले लोक पाठीवरच्या पिशवीत जे फळ हमखास ठेवतात, त्याला तिथे ‘आपेल्सीन’ म्हणतात. हा शब्द डच आणि लो जर्मन (उत्तर जर्मनीतली भाषा) या भाषांतून तिकडे गेला आणि त्याचा मूळ अर्थ ‘चीनचे सफरचंद’ असा आहे. तो उसना असल्याची खूण त्याच्या पहिल्याच अवयवात दिसते : सफरचंदाला अस्सल नॉर्वेजियन शब्द ‘एप्ले’ आहे, त्यामुळे हा समास नॉर्वेत घडला असता, तर त्याची सुरुवात ‘आपेल’ने झाली नसती. प्रमाण डचमध्ये आज हेच दोन अवयव उलट क्रमाने, ‘सिनासआपेल’ असे येतात.

यावर ‘चीन हा शब्दही संस्कृतात आहेच’ असे उत्तर दिले जाते. परंतु ते एका परक्या देशाचे नाव आहे, आणि त्या नावावरून फळाला ओळखण्याची कल्पना उत्तर युरोपातल्या व्यापाऱ्यांच्या भाषेत रुजली. तिचा नारंगाशी संबंध नाही.

‘सगळ्या भाषांत’ हा दावा तर ग्रीक, बल्गेरियन आणि रुमानियन या भाषांपाशीच कोसळतो, कारण तिथे गोड संत्र्याचे नाव पोर्तुगालवरून पडले आहे. कडू संत्रे अरबांमार्फत युरोपात आधीच पोहोचले होते. गोड संत्रे पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सुमारास पसरले आणि त्या व्यापारात पोर्तुगीजांचा वाटा मोठा होता. फळ नवे, म्हणून अनेक ठिकाणी नावही नवे.

नारंगाचा खरा माग नॉर्वेजियनमध्ये दोन शब्दांत लागतो. फ्रेंचमधून आलेल्या ‘ओरान्शे’च्या मागे अरबी ‘नारंज’, फारसी ‘नारंग’ आणि संस्कृत ‘नारंग’ अशी साखळी आहे. दुसरा शब्द कडू संत्र्याचा, ‘पोमेरान्स’. त्यात इटालियन ‘पोमो’ (सफरचंद) आणि नारंगापासूनच आलेला ‘आरांचा’ (संत्रे) एकत्र आले आहेत.

मात्र ही साखळी संस्कृतपाशी संपत नाही. नारंग हा शब्द संस्कृतने द्राविड भाषांतून घेतला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि मल्याळममध्ये छोट्या लिंबाला आजही ‘चेरुनारङ्ङ’ म्हणतात.