सत्तावन्न किलोंची जागा

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अंतिम लढतीच्या सकाळी विनेश फोगाट ५० किलो गटात १०० ग्रॅमनी जास्त भरली आणि अपात्र ठरली, तेव्हा खानापूरहून थोरल्या दादाचे फोनवर फोन आले. तालमीत वाढलेला माणूस. काट्यावरचा त्याचा राग मला कळत होता. पण अलीकडे आमच्या बेळगाव भागात या चर्चेचा सूर असा लागतो की वजनगट म्हणजे पोरींचा छळ, ते नसलेलेच बरे. दादाही तेच म्हणतो. इंग्लंडमध्ये रेडिंगला थेम्सकाठी राहून मला हे पटत नाही.

त्याआधी पाचच दिवस, २ ऑगस्टला, ब्रिटनच्या एमिली क्रेग आणि इमोजेन ग्रँट यांनी महिलांच्या हलक्या वजनाच्या दुहेरी रोइंगमध्ये, म्हणजे वल्ह्यांच्या होडीशर्यतीत, सुवर्ण जिंकले होते. टोकियोत याच जोडीचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले होते. पहिल्या चारही होड्या अर्ध्या सेकंदाच्या अंतराने पोहोचल्या होत्या. या गटात कुणाचेही वजन ५९ किलोंवर आणि दोघींची सरासरी ५७ वर जाऊन चालत नाही, आणि शर्यतीच्या दिवशी दोन तास ते एक तास आधी काट्यावर उभे राहावेच लागते. ग्रँटने वल्हे हाती घेतले ते केंब्रिजमध्ये डॉक्टरकी शिकताना. उंच, धिप्पाड शरीराला झुकते माप देणाऱ्या या खेळात अशा अंगकाठीच्या स्त्रियांना ऑलिम्पिकचे दार १९९६ मध्ये अटलांटात याच गटाने उघडले.

वजन उतरवण्याचा त्रास खोटा नाही. इथल्या एका धक्क्यावर मी पाहिले आहे: काट्यावरून उतरलेल्या मुलीचे ओठ सुकले होते आणि बाटलीचे झाकण तिच्या बोटांना फिरवता येत नव्हते. कुस्तीच्या आदल्या रात्री अन्नपाणी सोडणारी आमच्या तालमीतली पोरे मला आठवली.

मात्र वजनगट झुंजीच्या खेळांत आणि वेटलिफ्टिंगमध्येच असावेत, या ऑलिम्पिक समितीच्या भूमिकेमुळे पॅरिसची ती शर्यत शेवटची ठरली. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये हा गट नाही, त्याऐवजी समुद्रकिनाऱ्यावरची रोइंगची शर्यत आहे. म्हणजे दादा मागतो आहे ते रोइंगमध्ये घडूनही गेले, आणि त्याने काटा हटला तशी हलक्या मुलीची जागाही गेली. उद्या हिडकलच्या जलाशयावर आमच्याकडची एखादी सडपातळ मुलगी वल्हे मारू लागली, तर तिला ऑलिम्पिकसाठी स्वतःपेक्षा पंधरा-वीस किलोंनी जड स्त्रियांशीच झुंजावे लागेल. वजन घेण्याची वेळ बदला, पाणी तोडण्यावर बंदी घाला, डॉक्टर नेमा, असा आग्रह दादाने जरूर धरावा. गटच काढा, असे मात्र त्याने तालमीत बोलू नये, एवढी माझी विनंती आहे.