फोर बाय टू एसयूव्ही आणि मनालीचा बर्फ: एका फॉरवर्डचा प्रतिवाद

डिसेंबरात मनालीची बुकिंगं झाली की ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. स्कॉर्पिओ, थार, फॉर्च्युनरसारखी गाडी असेल तर फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) नको, टायरला बांधायच्या साखळ्या नकोत. वजन आहे, ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या तळाखालची मोकळी जागा) आहे, ताकद मागच्या चाकांना असल्याने चढाला उत्तम. टायरची हवा निम्मी करा, डिकीत वाळूची पोती टाका, उतारावर पहिला गिअर टाका आणि ब्रेकला पायच लावू नका. यातलं काही अर्धं खरं आहे, आणि घोटाळा तिथेच होतो.

आधी गाडी कोणती ते बघा. फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन, थार, बोलेरो यांची फोर बाय टू (फक्त दोन चाकांना ताकद असलेली) मॉडेलं मागच्या चाकांवर चालतात. क्रेटा, हॅरियर पुढच्या चाकांवर. इथलं म्हणणं पहिल्या गटाबद्दल आहे.

‘वजनदार गाडी बर्फात घट्ट बसते.’ वजन वाढलं की पकड वाढते हे खरं, पण चढावर ओढायचं आणि उतारावर थांबवायचं वजनही तेवढंच वाढतं. हिशेब जिथल्या तिथे. कोरड्या डांबरावर घर्षणांक (रस्त्याच्या पकडीचा आकडा) ०.७ च्या आसपास असतो, दाबलेल्या बर्फावर ०.२, गुळगुळीत काचेसारख्या थरावर ०.१ किंवा त्याहून कमी. ताशी ३० किलोमीटरवरून थांबायला डांबरावर ५ मीटर लागतात, दाबलेल्या बर्फावर १८, काचबर्फावर ३५. गाडी ८०० किलोची असो की दोन टनाची. ग्राउंड क्लिअरन्सचा उपयोग ताज्या, खोल बर्फात. रोज हजार गाड्यांनी दाबून चकचकीत केलेल्या रस्त्यावर त्याला कोण विचारतो?

‘मागच्या चाकांची गाडी चढाला सरस.’ चढावर वजन मागे सरकतं, हे बरोबर. पण किती? १० टक्के चढावर (दहा मीटरला एक मीटर वर) एकूण वजनाच्या साधारण ३ टक्के, म्हणजे १,९०० किलोच्या गाडीत जेमतेम ५०-६० किलो. मागच्या चाकांवर निम्मं वजन धरलं तर दाबलेल्या बर्फावर अशी गाडी साधारण १० टक्के चढापर्यंत तग धरते, काचबर्फावर ५ टक्क्यांनाच घोडं पेंड खातं. त्यात डिफरन्शियल (ताकद दोन चाकांत वाटणारा भाग) साधं असेल तर घसरट चाक जागेवर फिरतं आणि दुसऱ्याला ताकद मिळतच नाही. ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून थोडी मदत करतं, म्हणून ते चालूच ठेवा. गाडी रुतली असताना मागे-पुढे झुलवून काढायची असेल तेवढ्यापुरतं बंद करा, नाहीतर ते इंजिनची रेसच तोडतं. डिझेल गाडी पहिल्या गिअरात दणका देते, म्हणून दुसऱ्यात, रेस न देता, क्लच हळू सोडत उचला.

‘उतारावर पहिला गिअर, ब्रेक नको.’ सगळ्यात घातक सल्ला हा. तो मुरतो कारण ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं, हे आपल्याला घाटात शिकवलेलं असतं. खंडाळ्याला, आंबोलीला ते योग्यच आहे. तिथे भीती ब्रेक तापण्याची. बर्फात भीती चाक घसरण्याची, आणि मागच्या चाकांच्या गाडीत इंजिनचा रोध फक्त मागच्या दोन चाकांवर येतो.

६ टक्के उतारावर वेग वाढू नये म्हणून वजनाच्या ६ टक्के इतका रोध लागतो. काचबर्फावर, उतारामुळे हलकी झालेली मागची चाकं जेमतेम ४.५ टक्के देऊ शकतात. म्हणजे पहिला गिअर टाकून क्लच फटकन सोडला की ती फिरायची थांबतात, किंवा रस्त्यापेक्षा हळू फिरतात. चालत्या गाडीत हँडब्रेक ओढल्यावर होतं तेच: मागचा भाग दरीकडे निघतो. चारही चाकांचे ब्रेक मिळून १० टक्के देतात. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच वेग चालण्याइतका आणा, दुसरा गिअर ठेवा आणि एबीएसचा (चाक लॉक होऊ न देणारा) ब्रेक हलका, सलग दाबा. पेडल थरथरलं तर पाय उचलू नका. ती यंत्रणेची नेहमीची हालचाल आहे. मागचा भाग सुटलाच तर क्लच दाबा (ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रल) आणि मागचं टोक ज्या बाजूला चाललंय त्याच बाजूला स्टिअरिंग थोडं वळवा.

‘हवा निम्मी करा.’ ही वाळूची युक्ती. खोल, मऊ बर्फात कामी येते. रस्त्यावरच्या दाबलेल्या बर्फात नाही. थंडीने हवा आपोआपही उतरते, दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). उंचीमुळे त्यातली थोडी भरून निघते. त्यामुळे पुण्यात भरलेल्या आकड्यावर विसंबू नका, मनालीत सकाळी थंड टायरवर मोजून दारावरच्या स्टिकरइतकी ठेवा. टायरच्या कडेला नुसतं ‘एम अँड एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असणं म्हणजे बर्फाचा टायर नव्हे. त्यासाठी तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाची खूण लागते. आपल्या गाड्यांचे नेहमीचे टायर ७ अंशांखाली कडक होत जातात.

‘वाळूची पोती.’ १०० किलोने मागच्या चाकांचा वाटा दोन-तीन टक्क्यांनी वाढेल, आणि जोरात ब्रेक लागला तर सुटं पोतं तुमच्या मानेवर येईल. एक छोटी पिशवी मात्र जरूर ठेवा, अडकलेल्या चाकाखाली टाकायला.

‘साखळ्या नकोत.’ बर्फ पडला की पोलीस मनालीजवळच्या सोलंगच्या पुढे सहसा फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा पट्ट्यात सुमारे हजार गाड्या अडकल्या होत्या, त्यानंतर वाद घालण्यात अर्थ नाही. साखळी टायरवर लिहिलेल्या मापाचीच घ्या. ती मागच्या चाकांना लावायची. भाड्याने देणारा सवयीने पुढच्यांना लावू शकतो, कारण बहुतेक पर्यटकांच्या गाड्या पुढच्या चाकांच्या असतात. शंभरेक मीटर जाऊन थांबा आणि पुन्हा ताणा. सैल साखळी ब्रेकचा पाइप तोडते. वेग ३० च्या आत, कारण वळायचं काम करणारी पुढची चाकं अजून उघडीच आहेत. बोगद्याची ९.०२ किलोमीटर सडक कोरडी असते आणि आत थांबायला बंदी आहे, तेव्हा साखळ्या तोंडाशीच काढा, पलीकडे बर्फ असेल तर परत लावा.

फॉरवर्डमध्ये नसलेली दोन कामं. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) नळाचं पाणी ओतत आला असाल तर निघण्यापूर्वी निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी असं नवं भरा; काचेच्या वॉशरमधलं साधं पाणीही गोठतं. रात्री हँडब्रेक ओढू नका, तो गोठून धरतो. गाडी गिअरात टाका (ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’) आणि चाकांना दगड लावा.

आणि रांगेत तासन् तास अडकलात तर हीटरसाठी इंजिन सलग चालू ठेवू नका. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून अधिक माणसं दगावली, त्यातली काही कार्बन मोनॉक्साइडने. आधी उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, मग दहा मिनिटं इंजिन, एक काच बोटभर उघडी, आणि पुन्हा बंद. बर्फ पडतच असेल तर दर वेळी चालू करण्याआधी सायलेन्सर परत बघा.