लेथवर कोण, जर्नलवर कोण

गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर दादानं लिहिलं, "नव्या शैक्षणिक धोरणानं ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, आणलं, फील्ड प्रोजेक्ट आणले, बास झालं. त्यात हे समान संधी, समावेशन कशाला घुसडताय? पोरांच्या हाताला काम द्या, आपोआप शिकतील." दादा माझा मावसभाऊ, इंजिनिअरिंगला शिकवतो. खाली अंगठ्यांची रांग लागली.

मला ते "आपोआप" टोचलं.

मी कॅनडात, वॉटरलूत राहतो. इथल्या विद्यापीठात १९५७ पासून, म्हणजे पहिल्या तुकडीपासून, को-ऑप आहे: चार महिने वर्ग, चार महिने पगारी काम. आमच्या प्लांटवर माझ्या हाताखाली दर टर्मला अशी नवी पोरं येतात. पहिल्याच आठवड्यात दिसतं, धीट पोरगा मशिनला चिकटतो आणि लंचला एकटी बसणारी मुलगी एक्सेल भरत राहते. तिला कोणी मनाई केलेली नसते. म्हणून दर सोमवारी मी फळ्यावर पाळी लिहितो, मशिनवर कोण आणि नोंदीला कोण.

दादा म्हणेल, तुमच्याकडे तरी कुठे आलबेल आहे? नाहीच. जून २०२३ मध्ये याच विद्यापीठाच्या हेगी हॉलमध्ये, लिंगभावाचा विषय शिकवणाऱ्या वर्गात घुसून एकानं प्राध्यापिकेला आणि दोन विद्यार्थ्यांना भोसकलं. त्यानंतर तर मला हा विषय जास्तच जवळचा वाटतो.

आणि हे खूळ परदेशी नव्हे. दादा, तू रयतच्या शाळेत शिकलास. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढलं. तिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसत आणि स्वयंपाकही स्वतःच करत. 'कमवा आणि शिका'मधला घाम आणि ती पंगत त्यांनी कधी वेगळी मानली नाही. आपण घाम ठेवला, पंगत उठवली.

मी हे कुठल्या तोंडानं बोलतोय, तेही सांगतो. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आमची चौघांची बॅच होती. लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशिनवर, आम्ही तिघं. चौथा हॉस्टेलवरचा, स्कॉलरशिपच्या रांगेत उभा राहणारा. त्याचं अक्षर सुंदर, म्हणून चौघांची जर्नलं त्यानं लिहिली. सबमिशनच्या दिवशी आमच्या नखांत काळं तेल होतं, त्याच्या बोटांना निळी शाई. तोंडी परीक्षेत लेथच्या चकमध्ये जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, कसा बांधायचा ते त्याला सांगता येईना. सर म्हणाले, "हात लावला असता तर आलं असतं." आम्ही तिघं गप्प उभे होतो.

इथं मास्टर्सला आलो, तेव्हा प्रोजेक्टच्या ग्रुपनं मीटिंगची टिपणं काढायचं काम माझ्याकडे दिलं. सगळे फार गोड बोलायचे. वर्षभर मी टिपणंच काढली, आणि तेव्हा तो आठवला.

हे सगळं दादाला लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "तिकडे बसून इकडचं बोलू नकोस."

माझं वर्कशॉपचं जर्नल अजून आईच्या माळ्यावर आहे. नाव माझं, अक्षर त्याचं.